आता आत तुझं तू

कळव्याच्या त्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाल्याचा फोन आला तेव्हा सिद्धेश केणी जेवायला बसला होता. त्याने निमूट ऐकून घेतलं, फोन उपडा ठेवला आणि हात धुवायला उठला. पानात वालाचं बिरडं तसंच राहिलं.

गेली कितीतरी वर्षं त्याने ती जागा तान्ह्या पोरासारखी सांभाळली होती. कोणाकडे बारसं असो नाहीतर मयत, सिद्धेश हजर. गटार तुंबलं की सिद्धेश, पाण्याचा टँकर आला नाही की सिद्धेश, हंडीला, गणपतीला, कोणाच्या पोराला दाखल करायचं असलं की सिद्धेश. यंदा तिकीट नक्की होतं. आणि सोडतीत एक चिठ्ठी निघाली नि सगळं पाण्यात गेलं.

संध्याकाळी त्याचा दोस्त देवेश आला, चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? वहिनी आहेत की."

घरात एक जादाची खुर्ची आहे हे अचानक आठवावं, तसं तो बोलला. मग सगळ्यांनी मिळून त्या खुर्चीकडे पाहिलं. माया तेव्हा अडीच वर्षांच्या उर्वीला मऊ भात भरवत होती. उर्वी एक घास गिळायची नि दुसरा गालात धरून बसायची, आणि तो गालातला घास खाली उतरेपर्यंत मायाला जगातलं दुसरं काही सुचायचं नाही.

"हिचा घरान आवाज नाय," सासूबाई म्हणाल्या, "ती भाषान काय करनार?"

"भाषण कोण मागतंय, काकी," देवेश हसला. "भाषण आम्ही करू. वहिनींनी हात जोडायचे."

मायाला आठवलं की आठवीत असताना याच तोंडाने तिने नौपाड्यातल्या मोठ्या सभागृहात बक्षीस मिळवलं होतं. शांताबाई तिला घेऊन गेल्या होत्या, रिक्षाने नाही, खाडीच्या जुन्या पुलावरून चालत. वाटेत भाषण तीनदा म्हणून घेतलं होतं. वाऱ्यात आवाज उडून जात होता आणि बाई म्हणत होत्या, "वाऱ्याला काय घाबरतेस? त्याच्या वरताण बोल."

शांताबाई सोनावणे महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कळव्यातल्या त्या चढावरच्या चाळींत त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांचे यजमान चांगदेव कोलशेतच्या एका कंपनीत होते. मुलगा लहान असतानाच ते गेले, आणि तेव्हापासून बाईंनी जणू सगळ्या चाळीच्या मुलींचा ठेका घेतला. मुलगी शाळेत यायची थांबली की बाई तिच्या घरी जायच्या आणि उंबऱ्यावर बसायच्या. भांडण नाही, उपदेश नाही. घरातल्यांनी चहा पुढे केला की म्हणायच्या, "दप्तर बाहेर येऊ दे, मग घेते." चहा गार व्हायचा, शेजारीपाजारी जमायचे, बाई बसलेल्याच.

मायाच्या वडिलांनी, रघु शिंद्यांनी, तिला धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं तेव्हा बाई दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसल्या होत्या. शेवटी वडिलांनी दप्तर आणून त्यांच्या पुढ्यात आपटलं. बाईंनी ते उचललं, धूळ झटकली, आणि गार झालेला चहा एका दमात प्यायल्या.

शिक्षणाइतकंच त्यांना मताचं वेड होतं. मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचा हात धरून नाव नोंदवायला न्यायच्या आणि येताना स्टेशनजवळ मिसळ खायला घालायच्या. पहिल्या मतदानाला शाळेच्या फाटकापर्यंत सोबत यायच्या, तिथे पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "आता आत तुझं तू." बाहेर आल्यावर एखादी उत्साहाने सांगायला लागली तर तिच्या तोंडावर हात ठेवायच्या. मत कोणाला दिलं ते सांगायचं नसतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, बाईंनाही नाही. "बाईच्या जातीला घरात स्वतःचं असं कपाट नसतं," त्या म्हणायच्या. "एवढं एक तरी कुलूपबंद ठेवा."

निवृत्त झाल्यावर त्यांनी समाजमंदिराची मागची खोली मिळवली आणि तिथे मुलींसाठी अभ्यासिका काढली. शाळेतून मोडीत निघालेली बाकं, दोन ट्यूबलाइट, एक पितळी घंटा. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही, तिथे पोरगी अभ्यास करणार कुठे? माया बारावीला तिथेच बसली, पदवीलाही तिथेच. दर संक्रांतीला बाई तिथे तिळगूळ करायच्या. हळद नाही, कुंकू नाही. सवाष्ण, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, सगळ्या एका सतरंजीवर. आणि मग बिस्किटांच्या खोक्याला भोक पाडून अभ्यासिकेची प्रमुख निवडायची, चिठ्ठ्या टाकून. एक वर्ष माया निवडून आली होती. तिच्या आयुष्यातली ती पहिली निवडणूक.

दुसऱ्या दिवशी उर्वीला काखेत घेऊन माया त्या खोलीत गेली. बाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. बातमी ऐकल्यावर त्या काठी न घेताच उभ्या राहिल्या, आणि उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काठी घेतलेली नाही.

"मला नको आहे, बाई," माया म्हणाली. "मला कोणी विचारलेलं नाही. नुसतं ठरलंय."

"मग तू विचारून घे. जागा मिळतेय ना? ती सोडायची नाही. एकदा आत गेलीस की तोंड उघडायला कोण अडवतंय?"

"ते अडवतील."

"तू केण्यांकडे नांदायला गेलीस म्हणून का माझी माया नाहीस?" बाई म्हणाल्या, आणि उर्वीचा गाल कुरवाळत हळूच पुढचं बोलल्या. या खोलीवर डोळा आहे. कोणी म्हणतं व्यायामशाळा, कोणी म्हणतं वाहनतळाचं ऑफिस. मुलगा कोलशेतला टॉवरमध्ये बोलावतोय. मी गेले की इथे कुलूप. आत आपलं कोणीतरी असलं तर खोली राहील. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, एवढी खोली राख.

त्या रात्री उर्वी झोपल्यावर मायाने सिद्धेशला तेवढंच सांगितलं. मी उभी राहीन, पण बाईंची अभ्यासिका अभ्यासिकाच राहील. सिद्धेश इतका मोकळा झाला की त्याने तिचा हातच धरला. "अगं, तुझीच ना ती खोली. तुझ्या खोलीला कोण हात लावणार?"

तो खोटं बोलत नव्हता. सिद्धेश वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर मायाने कुठेतरी पाय रोवला असता.

मग फोटो निघाले. पोस्टरवरच्या मायाचं मंगळसूत्र खऱ्यापेक्षा जाड होतं आणि रंग दोन छटा उजळ. तिच्या खांद्यामागे सिद्धेश, हात जोडून, तिच्याहून थोडा मोठा. समोरच्या पक्षाच्या उमेदवारबाईंचंही तसंच. मायाला वाटायचं, दोन्ही पोस्टरांवरच्या बायका काढून घेतल्या तर दोघे नवरे एकमेकांना नमस्कार करताहेत असं दिसेल.

उर्वीच्या पाठीवर थोपटत, बाईंच्या खाटेवर बसून तिने भाषण तयार केलं. मोठं नाही. पाण्याचं, स्वच्छतागृहांचं, मुलींच्या अभ्यासाच्या जागेचं. बाईंनी ते चार वेळा म्हणून घेतलं आणि एका जागी थांबवलं. "'माझे पती' हे पहिल्याच वाक्यात कशाला? पहिल्या वाक्यात तू ये."

सभेला पहिलं वाक्य आलंच नाही. माइक देवेशकडून सिद्धेशकडे गेला, सिद्धेशकडून पक्षाच्या पाहुण्यांकडे, आणि शेवटी देवेशने जाहीर केलं की आता वहिनी सर्वांना नमस्कार करतील. वहिनींनी केला. समोर पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, हातात त्याच भाषणाची दुसरी प्रत घेऊन. माया कुठे अडली तर ओठ हलवून सांगता यावं म्हणून. त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"पुढच्या सभेला बोल," जाताना त्या म्हणाल्या. पुढच्या सभेलाही तेच झालं, आणि त्यानंतर बाईंनी विचारलं नाही.

मग कार्यालयाचा प्रश्न आला. पत्रकं, झेंडे, कार्यकर्त्यांचा वडापाव, सगळं घरात मावेना. देवेश म्हणाला, समाजमंदिराची मागची खोली आहे की. निवडणूक होईपर्यंतच. आणि किल्ली मागायला कोणी जायचं, तर मायाने. बाई दुसऱ्या कोणाला देणार नाहीत.

माया गेली. वाटेत तिने मनाशी खूप काही जुळवलं होतं, पण दारात पोचल्यावर एवढंच बोलता आलं, "बाई, निकाल लागेपर्यंत हवी होती." खोलीत तेव्हा मुली वाचत होत्या. कोपऱ्यात मेघना होती, यंदाच अठरा पूर्ण झालेली, मिसळ खाऊन झालेली, पोलीसभरतीचा अभ्यास करणारी. तिने मान वर केली नि पुन्हा खाली घातली.

बाईंनी कमरेची किल्ली काढली. दप्तर बाहेर येईपर्यंत उंबऱ्यावर बसणारी ती बाई, तिने एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या कोणाला त्यांनी हाकलून दिलं असतं. पण मागणारी माया होती, आणि मायासाठीच तर हे सगळं होतं. त्यांनी घंटा वाजवली आणि मुलींना सांगितलं, थोडे दिवस घरी अभ्यास करा, आपली माया उभी आहे.

घरी म्हणजे जिथे अभ्यास होत नाही म्हणून मुली इथे यायच्या, तिथे. हे खोलीतल्या प्रत्येकीला कळत होतं, आणि तरी मुलींनी पुस्तकं आवरली.

संक्रांत अजून यायची होती, पण मतदान तिच्या पाठोपाठच होतं. म्हणून देवेशने हळदीकुंकू आधीच उरकायचं ठरवलं. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. "संक्रांत लागायच्या आधी कसला वान गो?" त्या चार दिवस घरभर विचारत होत्या. पण वाण म्हणून द्यायचे डबे येऊन पडले होते. आचारसंहिता होती म्हणून कार्यक्रम एका महिला मंडळाच्या नावाने ठेवला होता. ते मंडळ आठवड्यापूर्वी कोणी ऐकलेलं नव्हतं. जागा तीच, बाईंची खोली. बाकं बाहेर काढून भिंतीला उभी केली होती.

माया आदल्या दिवशी बाईंना बोलवायला गेली आणि शब्द देऊन आली. "बाई, पहिला तिळगूळ तुम्हाला. कुंकवाचं ताट मी हातात घेणार नाही. ते सासूबाई बघतील. मी सगळ्यांना तिळगूळ देईन, आपल्या पद्धतीने."

"बघ हं," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी येत नाही. तुझी पंचाईत नको."

"तुम्ही यायलाच हवं."

दुपारी खोली गच्च भरली. बायका नटून आल्या होत्या, कोणी मुद्दाम काळं नेसून आल्या होत्या, पोरं मांडीवर, दारात चपलांचा ढीग. सासूबाईंचा हात सकाळपासून दुखत होता. त्यांनी ताट उचललं आणि सरळ मायाच्या हातात दिलं. "उमेदवार तू का मी? तूच लाव."

कॅमेरावाला समोर उभा होता. ताट हातात आलं तेव्हा मायाने मागे पाहिलं. तिळगुळाचं तबक देवेशच्या बायकोकडे गेलं होतं आणि ती रांगेत मागून येत होती. आता हे ताट खाली ठेवायचं तर कुठे, आणि सगळ्यांसमोर काय सांगून? मायाने पहिल्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं, मनगटाला अत्तर. मग दुसरीला. एकदा सुरू झाल्यावर हात आपोआप चालत राहिला. हळद, कुंकू, अत्तर, डबा. हळद, कुंकू, अत्तर, डबा. बायका कौतुकाने बघत होत्या. एकजण म्हणाली, "केण्यांची सून किती सालस गं." दुसरी म्हणाली, "निवडून आली की आपल्याला वळखेल का बघू."

दुसऱ्या रांगेत बाई बसल्या होत्या. फिकट सुती साडी, काठी भिंतीला टेकलेली. आजूबाजूच्या बायकांतल्या निम्म्यांना त्यांनीच सही करायला शिकवलेलं. माया जवळ येताना दिसली तसा त्यांनी हात पुढे केला, तिळगुळासाठी, तळवा वर.

मायाच्या हातात तिळगूळ नव्हता. होतं ते कुंकू.

लावावं तर बाईंनी जन्मभर जे नाकारलं ते भर सभेत त्यांच्या कपाळी फासायचं. थांबून तबक मागवावं तर रांग थांबेल, सगळ्या बघतील, सासूबाई विचारतील. ताट तिथेच जमिनीवर ठेवून बाईंच्या पाया पडावं हेही तिला सुचलं. पण कॅमेरावाला म्हणाला, "वहिनी, पुढच्या ताई घ्या, इकडे उजेड आहे," आणि मागून सासूबाईंनी तिचा पदर किंचित ओढला. "ती रांडमुंड," त्या हळूच म्हणाल्या, पण दोघी-तिघींना ऐकू जाईल इतपत. "पुढं हो."

माया पुढं झाली.

पुढच्या बाईला कुंकू लावताना तिच्या डोळ्यांच्या कडेला तो हात दिसत राहिला. क्षणभर तसाच उघडा राहिला. मग बाईंनी तो सावकाश मागे घेतला आणि त्याच हाताने खांद्यावरचा पदर सारखा केला, जणू तो पुढे गेला होता तो त्यासाठीच. मागून देवेशच्या बायकोने तिळगुळाची पुडी दिली. बाईंनी ती घेतली, शेजारच्या पोराच्या मुठीत ठेवली आणि काठी शोधायला लागल्या.

संध्याकाळी माया त्यांच्या दारापर्यंत गेली. आत दिवा होता. उर्वीने कडी वाजवायला हात लांब केला, आणि मायाने तो हात धरून खाली घेतला. काय बोलणार होती ती? की ताट जड होतं?

मतदानाच्या दिवशी ती सकाळपासून शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती, जिथे उभं राहायची मुभा असते तिथे, हात जोडून. ही तीच शाळा, बाईंची. उन्हं वर आल्यावर रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. सोबत मेघना. मेघनाने नवा ड्रेस घातला होता. फाटकाशी बाई थांबल्या, मेघनाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता आत तुझं तू."

मायापासून त्या चार हातांवर होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखीपुरती मान हलवली, रस्त्यात भेटलेल्या पालकांना हलवतात तशी, आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बोटावर शाई होती. मेघनाने तोंड उघडलं तसा बाईंनी तिच्या ओठांवर हात ठेवला.

मग मायाचा नंबर लागला. तोवर दिवसभर तिच्या मागे-पुढे माणसं होती. देवेश पाणी देत होता, सिद्धेश कुठे बघून हसायचं ते सांगत होता. खोलीच्या दाराशी सगळे थांबले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी गेली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा ती अशा जागी उभी होती जिथे तिच्या खांद्यामागे कोणी नव्हतं. यंत्रावर तिचं नाव होतं. ते तिने परक्या बाईचं वाचावं तसं वाचलं. खालची नावं वाचली. तिला वाटलं, इथेच जरा बसावं, उर्वीला मांडीवर घेऊन. बाहेरून अधिकारी खाकरले.

तिने बटण दाबलं. कोणतं, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

माया निवडून आली. गुलाल उडाला, जेसीबीतून फुलं पडली, सिद्धेशला खांद्यावर घेतलं आणि नंतर कोणाला तरी आठवलं म्हणून मायाला हार घातला. उर्वी गुलालाला घाबरून इतकी रडली की माया मिरवणूक अर्ध्यात सोडून घरी आली आणि तिला आंघोळ घालत बसली. मोरीतून गुलाबी पाणी जात होतं. बाहेर तिच्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. उर्वी विचारत होती, "आई, तुला का बोलावतायत?"

दोन दिवसांनी तिने सिद्धेशला विचारलं, किल्ली कुठे आहे, बाईंना परत द्यायची.

सिद्धेश उर्वीसाठी संत्रं सोलत होता. एकेक फोड नीट साफ करून तिच्या हातावर ठेवत होता. "अगं, कार्यालय नको का? लोक भेटायला कुठे येणार, घरात?"

"तू म्हणाला होतास."

"मी काय म्हणालो? तुझी खोली आहे, कोण हात लावणार. मग? तुझ्याच नावाने करतोय ना? माझं नाव टाकलं का मी?"

"मुली कुठे बसतील?"

"बघू ना. पुढच्या बजेटमध्ये मोठी अभ्यासिका करू, एसी. तूच ठराव मांड." त्याने शेवटची फोड मायाच्या तोंडापुढे धरली. "घे. आता चिडू नकोस. बाईंना मी भेटतो हवं तर, शाल देतो."

मायाने फोड घेतली नाही. पण उर्वी दोघांच्या तोंडांकडे टकमक बघत होती, तिचा ओठ खाली यायला लागला होता, म्हणून तिने ती घेतली आणि चावली. गोड होती.

त्याच आठवड्यात पाटी लागली. सौ. माया सिद्धेश केणी, नगरसेविका, जनसंपर्क कार्यालय. भिंतीला हिरवट रंग, आत काचेचं टेबल, फिरती खुर्ची. बाकं भंगारवाल्याने नेली. संध्याकाळी काही मुली समाजमंदिराच्या पायऱ्यांवर पुस्तकं घेऊन बसायच्या, पण दिव्याभोवती पोरं जमायला लागली, शिट्ट्या सुरू झाल्या, मग मुली यायच्या थांबल्या. मेघनाच्या आईने तिला सांगितलं, आता पुरे, मावशीबरोबर कामाला जा. आणि आता उंबऱ्यावर जाऊन बसायला बाईंचे गुडघे नव्हते.

बाई सामान न्यायला आल्या त्या दिवशी माया कार्यालयात एकटी होती. मुलगा कोलशेतहून गाडी घेऊन आला होता, तो बाहेर थांबला. बाईंनी आधी पाटी वाचली. पूर्ण, सावकाश, वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी, मोठ्याने.

"नाव छान आलंय," त्या म्हणाल्या.

माया उठली. खुर्ची मागे फिरली आणि भिंतीला आपटली. "बाई, बसा ना."

"नाही, गाडी उभी आहे." त्यांनी कपाटावरून बिस्किटांचं खोकं काढलं, वर भोक पाडलेलं. त्यावर कोणीतरी पत्रकांचे गठ्ठे ठेवले होते, ते त्यांनी नीट बाजूला लावले. खडूची पेटी घेतली. घंटेला हात लावला आणि तो मागे घेतला. "ही राहू दे. तुमच्या शिपायाला बोलवायला लागेल."

"बाई, मी मांडणार आहे ठराव. अभ्यासिकेचा."

बाईंनी मान हलवली. हो म्हणूनही हलवतात तशी, आणि ऐकलं म्हणूनही.

मायाला माफी मागायची होती. त्या दिवशीच्या हाताबद्दल, किल्लीबद्दल. पण तोंडातून निघालं ते भलतंच, जे तिला निकालापासून रात्री जागं ठेवत होतं. "बाई, तुम्ही मला दिलंत का मत?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आठवीतल्या मुलीने साधं गणित चुकवावं तेव्हा बघायच्या तसं.

"सांगायचं नसतं ते," त्या म्हणाल्या. "विसरलीस?"

बाहेर मुलाने गाडीचं दार उघडलं. बाईंनी उंबऱ्यावर काठी टेकली, एक पाय खाली घेतला, मग दुसरा. खोकं त्यांनी छातीशी धरलं होतं, आणि मुलाने मागितलं तरी दिलं नाही. गाडी उतारावरून गेली. माया दारात उभी राहिली. मग आत जाऊन बसली, कारण उभं राहून करायचं काही नव्हतं.

थोड्या वेळाने मेघना आली. चप्पल बाहेर काढून आली, सवयीने. तिला रहिवासी दाखल्यासाठी पत्र हवं होतं. भरतीचा अर्ज ती आईच्या नकळत भरणार होती.

"साहेब आहेत का, ताई?"

"मी आहे की. मी देते सही."

मेघना संकोचली. "तुम्ही मागे सही करून दिलेलं पत्र चाललं नाही ना ताई. त्याच्यावर शिक्का लागतो म्हणाले."

शिक्का टेबलाच्या खणात होता, आणि खणाची किल्ली सिद्धेशच्या खिशात. मायाने तरीही खण एकदा ओढून पाहिला. काचेच्या टेबलाखाली तो तिचा हात दोघींनाही दिसत होता.

"येतील आता," माया म्हणाली. "बस."

मेघना भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. पूर्वी तिथेच तिचं बाक असायचं. जरा वेळ तिने इकडेतिकडे पाहिलं, मग पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली, ओठ हलवत, एक बोट ओळीवर ठेवून. वरची ट्यूब तीच होती, जुनी, थोडी थरथरणारी. माया जागची हलली नाही. खुर्ची करकरेल म्हणून तिने पायसुद्धा सरकवला नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली, देवेशचा फोनवरचा आवाज आला, मागून सिद्धेशचा. मेघनाने पुस्तक मिटलं आणि उभी राहिली.

तिच्या पाठोपाठ मायाही उठली.